निसर्गदिन हवेत, पण हिशेबासकट

पर्यावरण दिन, वसुंधरा दिन, व्याघ्र दिन, पाणथळ दिन ही सगळी कॅलेंडरवरची रोषणाई आहे, तिने एक झाड वाचत नाही की एक पक्षी, असे आता निसर्गाची खरी कळकळ असलेली माणसेच म्हणू लागली आहेत. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पाच जूनला खड्डा खणायचा, पाहुण्यांच्या हस्ते रोप लावायचे, शपथ घ्यायची, फोटो काढायचा आणि पुढच्या जूनला त्याच खड्ड्यात नवे रोप लावायचे, हा प्रकार गावोगाव चालतो. २०१९ पर्यंत ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प आपल्या राज्य सरकारने सोडला होता. लावलेल्यांतली जगली किती, यावर पुढे विधिमंडळात खडाजंगी झाली आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी समिती नेमण्याची वेळ आली. हे सगळे मान्य. पण त्यावरून हे दिनच बंद करावेत असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला घातक वाटतो. लावलेल्या झाडांचा हिशेब मागायचा तर तो कोणत्या तारखेला मागायचा, हे आधी ठरलेले असावे लागते. निसर्गदिन ही अशी ठरलेली तारीख आहे, आणि आपण ती वापरत नाही.

निसर्ग वर्षाचे ३६५ दिवस जपायचा असतो, त्याला एक दिवस कशाला, हा टीकाकारांचा आवडता मुद्दा. ऐकायला बिनतोड आहे. पण सार्वजनिक कामाचा अनुभव उलटा सांगतो: ज्या कामाला मुदत नसते ते कोणाच्याच टेबलावर नसते. घरपट्टीला मुदत असते, पीकविम्याला असते, मतदारयादीला असते. गावतळ्यात पडणाऱ्या राडारोड्याला मात्र कोणतीच तारीख लागू नसते, म्हणून तळे बुजल्यावरच बातमी होते. शिवाय यातल्या बऱ्याच तारखा कोणी हौसेने निवडलेल्या नाहीत. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा करार झाला. ३ मार्च १९७३ रोजी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला वेसण घालणाऱ्या करारावर सह्या झाल्या. ५ जून १९७२ रोजी स्टॉकहोमची मानवी पर्यावरण परिषद सुरू झाली. या तारखांमागे सरकारांनी जगासमोर दिलेले शब्द आहेत. नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही महाराष्ट्रातली, तर नंदा तळे हे गोव्यातले रामसर स्थळ आहे. तेव्हा २ फेब्रुवारीला या जागांच्या पाण्याचे आणि पाखरांचे काय झाले, असे विचारण्याचा इथल्या नागरिकाला पुरता हक्क आहे.

तारखेची ताकद दिसते ती २९ जुलैच्या उदाहरणात. २०१० साली सेंट पीटर्सबर्गला वाघ असलेल्या १३ देशांनी २०२२ पर्यंत वाघांची संख्या दुप्पट करण्याचे ठरवले आणि २९ जुलै हा व्याघ्र दिन झाला. भारताचा तेव्हाचा अंदाज १,७०६ वाघांचा होता. पुढे २०१८ च्या गणनेचा २,९६७ हा आकडा पंतप्रधानांनी २०१९ च्या व्याघ्र दिनीच जाहीर केला, आणि २०२२ च्या गणनेचा राज्यवार तपशील २०२३ च्या २९ जुलैला आला. त्यात देशाचा सरासरी अंदाज ३,६८२ होता आणि महाराष्ट्र ३१२ वरून ४४४ वर गेलेला होता. हे वाघ काही दिन पाळल्याने वाढले नाहीत. त्यामागे वनरक्षकांची पायपीट आहे, गावांनी सोडलेली जमीन आहे, आणि वाढीचा काही भाग मोजणीची पद्धत सुधारल्याचाही आहे. पण आकडा जनतेसमोर कधी ठेवायचा, हे त्या तारखेने ठरवून दिले. अशा दिवशी सरकार स्वतःचीच पाठ थोपटून घेते, असा यावर आक्षेप येईल. घेऊ द्या. जाहीर झालेला आकडा तपासता येतो, खोडून काढता येतो, आणि ४४४ वाघांच्या राज्यात चंद्रपूरच्या शेतकऱ्याने पेरणीला जायचे कसे, हा पुढचा प्रश्नही त्याच आकड्याला धरून विचारता येतो. फाइलीत पडून असलेल्या आकड्याशी कोणी भांडू शकत नाही.

टीकेतला एक भाग मात्र मला पूर्ण पटतो, आणि तो टीकाकारच फारसा मांडत नाहीत. यातल्या कित्येक तारखा आपल्या ऋतूंशी जुळत नाहीत. पाच जूनला विदर्भ-मराठवाड्यात ऊन चाळिशीच्या आसपास असते, मोसमी पाऊस अजून यायचा असतो, आणि आपण कोवळे रोप तापलेल्या मुरमात उभे करतो. १९५० साली केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हा त्यासाठी जुलैचा पहिला आठवडा धरला गेला, कारण जमीन तोवर भिजलेली असते. लागवडीची योग्य वेळ आपल्याला ठाऊक नव्हती असे नाही. कासवांचेही तसेच. जागतिक कासव दिन २३ मे रोजी येतो, पण कोकणच्या किनाऱ्यावर तोवर हंगाम संपत आलेला असतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम ग्रामस्थांच्या साथीने उभे केले. मादीने वाळूत घातलेली अंडी काढून कुंपणाच्या आत, मूळ घरट्याइतक्याच खोल खड्ड्यात पुरायची, वर टोपली पालथी घालायची, आणि दीड-दोन महिन्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ ती टोपली उचलून पाहायची. पिल्ले वर आली असतील तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात आणि समुद्रापर्यंत त्यांची त्यांना चालू देतात. तिथला कासव महोत्सव अंडी कधी उबतील त्यावर ठरतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात, त्यामुळे कासव जगण्यात गावाचाही फायदा असतो. बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेचे गणितही असेच आहे. वैशाखात जंगलातले पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरते, प्राण्यांना तिथे यावेच लागते, आणि चांदण्यात मचाणावरून ते दिसतात. आता कॅमेरे आले तरी नागरिकांना जंगलाजवळ नेणारी याइतकी चपखल तिथी दुसरी नाही.

तर जागतिक तारखा आहेत तशाच राबवाव्यात, असे माझे म्हणणे नाही. त्या काही दगडावर कोरलेल्या नाहीत. जैवविविधता दिन आधी २९ डिसेंबरला असे. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत तो पाळणे अवघड जाते म्हणून २००० साली संयुक्त राष्ट्रांनीच तो २२ मे रोजी आणला. सुट्ट्यांसाठी तारीख हलू शकते, तर पावसासाठी का हलू नये? महाराष्ट्राने २०२० पासून पक्षी सप्ताह सुरू केला तो ५ ते १२ नोव्हेंबर असा, म्हणजे मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. दोन मोठ्या माणसांची आठवण तर झालीच, शिवाय उत्तरेकडची बदके आणि चिखलपायी पक्षी याच सुमारास जायकवाडीला, उजनीला उतरू लागलेले असतात. मुलांना दुर्बीण देण्याचा तो खरा हंगाम आहे. जागतिक स्थलांतरित पक्षी दिनाची मे महिन्यातली तारीख आपल्याकडे कोरडी जाते, कारण बहुतेक पाहुणे तोवर परतलेले असतात.

आपल्याकडे वटपौर्णिमा, नागपंचमी, पोळा, दसरा असताना हे उसने दिन कशाला, असाही एक सूर आहे. या सणांत निसर्गाची जवळीक आहे, हे खरेच. पण ती जवळीक आज निसर्गाला राखते का? वटपौर्णिमेला शहरांत वडाच्या फांद्या तोडून बाजारात येतात, दसऱ्याला आपट्याची झाडे ओरबाडली जातात आणि आपटा मिळेनासा झाला की कांचनाची पाने त्याच्या नावाने विकली जातात. श्रद्धा पूजेला बसवते. वडांची संख्या मोजायला ती सांगत नाही, तिचे ते कामही नाही. ते काम दुसऱ्या तारखेला करावे लागेल.

राहिला दिन फार झाल्याचा आक्षेप. प्रत्येक शाळेने, प्रत्येक ग्रामपंचायतीने सगळे दिन पाळायचे ठरवले तर फलकच छापले जातील. तळे असलेल्या गावाने २ फेब्रुवारी धरावी, किनाऱ्यावरच्या गावाने कासवाचा हंगाम, डोंगरातल्या गावाने वनमहोत्सव. बाकीचे सोडून द्यावेत. हिशेब ठेवण्याचे साधन कायद्याने दिलेलेच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही राखायला हवी. गावातली झाडे, पिकांचे वाण, मासे, औषधी वनस्पती आणि त्यांची माहिती असलेले जाणकार हे सारे तिच्यात यायचे असते. ही नोंदवही एकदा करून कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. महाराष्ट्रात २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरवण्याची रीत आहे आणि वन्यजीव सप्ताहही त्याच दिवशी सुरू होतो. त्या सभेत समितीच्या सचिवाने नोंदवही उघडावी, जुलैत लावलेल्या रोपांपैकी किती उभी आहेत ते वाचून दाखवावे, आणि ज्यांच्या हस्ते ती लावली त्यांना पहिल्या रांगेत बसवावे.