टेमघरला का राहायचं?



गेल्या बैठकीत आपल्यापुढे एक साधा, हिशेबाचा वाटावा असा प्रश्न होता. टेमघरचं आपलं सल्लाकेंद्र बंद करून ठाण्याला हलवायचं का? जागेचा करार संपत आला आहे. ठाण्यात एका मैत्रसंस्थेच्या कार्यालयात आठवड्यातले दोन दिवस टेबल-खुर्ची मिळते आहे. कार्यकर्त्यांच्या दृष्टीने तर विचारायलाच नको. टेमघर गाठायचं म्हणजे कल्याणला लोकलमधून उतरायचं, शेअर रिक्षात चौथी म्हणून अंग चोरून बसायचं, दुर्गाडीचा पूल, कोन, राजनोली नाका करत कंटेनरच्या रांगेमागे धूर खात यायचं. परतताना तेच.

खरं सांगायचं तर ‘हलवू या’ असं पहिल्यांदा म्हणणारी मीच होते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर दोन वर्षांच्या एका कामासाठी इथे आले, त्याला आता नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं नळाच्या वेळेवर झोपायचं, खिडकी उघडली की कपड्यांवर धूळ, संध्याकाळी पाय मोकळे करायला जागा नाही, नाटक नाही, पुस्तकांचं बरं दुकान नाही. मला कंटाळा आला होता, आणि त्या कंटाळ्याला मी ‘संस्थेची सोय’ असं नाव दिलं होतं. बैठकीत एका जुन्या कार्यकर्तीने शांतपणे विचारलं, ‘तिथल्या बायकांना विचारलंस का?’ विचारलं नव्हतं. मग गेले दोन महिने केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला तिचं काम झाल्यावर मी एकच प्रश्न विचारते आहे: तुम्ही इथे का राहता?

पहिल्यांदा सगळ्या हसतात. मग म्हणतात, ‘कुठं जाऊ?’ पण जरा बसलं, चहा झाला, की दुसरं उत्तर येतं. ते बहुतेक वेळा कामाचं असतं.

भिवंडीबाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. हे मागांचं शहर. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचं विणकाम मोठ्या प्रमाणावर इथल्या यंत्रमागांकडे आलं आणि शहर भराभरा फुगलं. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसं आली. माणसं म्हणजे मुख्यतः पुरुष. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती आणि दर हजार पुरुषांमागे बायका होत्या ७०० च्या आसपास. एवढे एकटे पुरुष जेवणार कुठे? त्यातून इथली ‘भिशी’ उभी राहिली. आपल्याकडे भिशी म्हटलं की बायकांनी मिळून पैसे टाकायची भिशी आठवते. इथे भिशी म्हणजे मागवाल्यांची खाणावळ. महिन्याचे पैसे ठरवून दोन वेळचं जेवण. यातल्या कित्येक भिश्या बायका चालवतात. आमच्या गल्लीतली भिशीवाली मावशी नवऱ्याने टाकल्यावर दोन मुलं घेऊन लातूरकडून आली. चौथ्या दिवशी ती दुसऱ्या एका भिशीत पोळ्या लाटत होती आणि चौथ्या वर्षी तिची स्वतःची भिशी होती. ती मला म्हणाली, ‘गावाला मी कुणाची तरी टाकलेली होते. इथं मला कुणी विचारलंच नाही, नवरा कुठाय म्हणून. इथं विचारतात, डाळ पातळ का?’

हे वाक्य मी विसरू शकत नाही. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तिथून आपल्या चळवळीने या प्रश्नावर कितीतरी बोललं, लिहिलं. निवारा, पोटगी, शिधापत्रिका हे सगळं मागितलं. पण ‘चौथ्या दिवशी हाताला काम’ ही मागणी कोणत्याही ठरावात नव्हती, आणि ती या कळकट शहराने कुणी न मागता पुरी केली. काम मिळतं. कांडी भरायचं, कापडाचे धागे कापायचं, घडी घालायचं, भांडी-धुणी. आणि आता गोदामं. मुंबईची जकात चुकवायला, तिच्या वेशीबाहेर माल ठेवायला काल्हेर, कशेळी, पूर्णा, वळ या गावांत गोदामं उठली. २०१७ साली जकात गेली तरी गोदामं राहिली, उलट वाढली. तुम्ही मोबाईलवर बोट दाबून मागवलेला कुकर बहुधा याच पट्ट्यात कुणीतरी खोक्यात भरलेला असतो. भरणाऱ्यांत तरुण मुली खूप आहेत.

आता याची दुसरी बाजू. काम मिळतं, पण ते कुणाचं काम आहे हे सांगता येत नाही. आमच्याकडे आलेल्या एका मुलीला गोदामातला सुपरवायझर त्रास देत होता. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमायची. मी विचारलं, मालक कोण? तिला माहीत नव्हतं. गोदाम एकाचं, माल दुसऱ्याचा, माणसं ठेकेदाराची, आणि ठेकेदाराचंही नाव फक्त ‘भैया’. शेवटी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा ठरलं. कार्यालय ठाण्यात. एक दिवसाची खाडी म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. ती दोनदा गेली. तिसऱ्यांदा गेली नाही, आणि तिने कामही सोडलं. आठ दिवसांत दुसऱ्या गोदामात लागली. म्हणजे शहराने तिला पुन्हा काम दिलं आणि त्या माणसालाही तिथेच ठेवलं. हा फायदा म्हणायचा की तोटा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ठाण्याला केंद्र हलवलं तर काय होईल याचं उत्तर खरं म्हणजे इथेच मिळालं होतं. पण मी जरा हट्टी आहे.

पाण्याचं बोलू. टेमघर हे नाव ठाण्यात कित्येकांना माहीत आहे ते पाण्यामुळे. शहाडला उल्हास नदीतून पाणी उचलायचं आणि टेमघरला शुद्ध करायचं, अशी योजना आहे. शहाड-टेमघर या जोडनावावरूनच तिला ‘स्टेम’ म्हणतात. इथून ठाणे, मीरा-भाईंदर आणि भिवंडी या शहरांना पाणी जातं. तानसाचं पाणी मुंबईला नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्याही याच तालुक्यातून जातात. म्हणजे आम्ही पाण्याच्या शेजारी राहतो. आणि आमच्या चाळीत पंधरा खोल्यांना एक नळ आहे. तो रात्री कधीतरी येतो. आज दीडला, उद्या तीनला.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. सल्लाकेंद्र चालवायचं तर हे आधी समजायला हवं. आमच्याकडे अकरा वाजता बोलावलेली बाई येत नाही तेव्हा आपण वहीत ‘अनुत्साही’ असं लिहितो. (हो, मी स्वतः लिहिलेलं आहे.) ती रात्री तीनला पाणी भरून, पाचला डबा करून, सहाला नवऱ्याला किंवा भिशीला वाढून मग डोळा लागलेली असते. एकदा मी सहज महिन्याभराचा हिशेब काढून बघितला, माझ्या स्वतःच्या खोलीचा. पाण्यासाठी जागं राहण्यात, हंडे सरकवण्यात आणि त्यावरून भांडण्यात रोजचे दीड-दोन तास. मी एकटी राहते. घरात पाच माणसं असलेल्या शेजारणीचं काय होत असेल? शहर चालवायला जे कमी पडतं ते बायकांच्या झोपेतून काढलं जातं. मेट्रो ५ च्या आराखड्यात टेमघर नावाचं स्थानक आहे, ते होईल तेव्हा होईल. नळाची वेळ ठरवायला मात्र खांब उभे करावे लागत नाहीत.

आता खोलीविषयी, कारण यात आपल्या कामाचा थेट संबंध आहे. टेमघर हे मूळ गाव, आता महापालिकेच्या हद्दीत. जुन्या आगरी घरांच्या मागेपुढे चाळी उठल्या. ठाण्यात जेवढ्यात पेटी ठेवायला जागा मिळणार नाही तेवढ्यात इथे खोली मिळते, तीसुद्धा एकट्या बाईला. पुण्यात माझ्या एका मैत्रिणीला ‘फॅमिलीलाच देतो’ म्हणून सात ठिकाणी नकार मिळाला. माझ्या घरमालकिणीने फक्त विचारलं, ‘मासळी शिजवतेस ना? मग झालं.’ हे या शहराचं मोठेपण मी मानते. पण ती भाड्याची पावती देत नाही. इथे फारसं कुणीच देत नाही.

पावतीचं महत्त्व काय, हे कार्यकर्त्या मैत्रिणींनी नीट लक्षात घ्यावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बाई जिथे तात्पुरती राहते आहे तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. लग्न लातूरला झालं, मारहाण सुरतेला झाली, तरी ती आज टेमघरला राहत असेल तर भिवंडीच्या न्यायालयात दाद मागू शकते. पोटगीचंही तसंच. पूर्वीचं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, त्यातही ती राहते तिथे अर्ज करता येतो. पोलिस ठाणे, न्यायालय, सरकारी दवाखाना, तिन्ही एका रिक्षाच्या भाड्यात. छोट्या गावात हे नसतं आणि मुंबईत एवढं जवळ नसतं. या आकाराच्या शहराचा हा सगळ्यात मोठा फायदा. फक्त ‘मी इथे राहते’ हे दाखवायला कागद हवा, आणि तोच नाही. मग आम्ही शाळेचा दाखला, दवाखान्याचा केसपेपर, गॅसचं पुस्तक, जे सापडेल ते जोडतो. खोली जाईल या भीतीने बाई घरमालकाकडे पावती मागत नाही. आपण तिच्या वतीने मागितली तरी खोली तिचीच जाते.

या चाळींना भक्कम म्हणावं असंही नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमध्ये जिलानी इमारत पडली, ४० च्या आसपास माणसं गेली. माणसं झोपेत होती. त्या आठवड्यात आमच्याकडे एक बाई आली होती. तिला तिच्या खोलीच्या भिंतीची चीर दाखवायची होती. ‘तक्रार केली तर खाली करायला लावतील, नाही केली तर पडेल. तुम्ही फक्त बघून घ्या, माहीत असू द्या कुणाला तरी.’ मी गेले, बघितली. ती बाई अजून तिथेच राहते.

दंग्याविषयी लिहिल्याशिवाय भिवंडीवर लिहिलं असं होत नाही. १९७० आणि १९८४, ही दोन सालं इथल्या म्हाताऱ्या बायका अजून मुलांच्या जन्माच्या खुणा म्हणून वापरतात. ‘मोठा सत्तरच्या दंग्यानंतरचा.’ पण १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, हेही त्याच सांगतात. मोहल्ला समित्यांच्या कामाचा त्यात मोठा वाटा होता. आमच्या केंद्रात बाकावर मराठी, उर्दू, तेलुगू बोलणाऱ्या बायका शेजारीशेजारी बसतात. कुणी मला ताई म्हणतं, कुणी बाजी, कुणी अक्का. एकीचा अर्ज दुसरी वाचून दाखवते. त्या प्रेमाने भारावलेल्या असतात असं मुळीच नाही. रांगेवरून कचकचून भांडतात. पण तलाक दिलेली आणि टाकलेली, दोघींचा नवरा त्याच मागावर कामाला होता हे त्यांना तिथे कळतं.

मात्र एवढ्याच आकाराच्या शहरात ओळखही लागते. मुंबईत मुलगी गर्दीत हरवते, गावात तिला सगळे ओळखतात. इथे तिला नेमके चार जण ओळखतात, आणि ते चार नाक्यावर बसलेले असतात. ‘केंद्रात गेली होती’ ही बातमी ती घरी पोचायच्या आत पोचते. म्हणून आठ-दहा बायकांनी मला सरळ सांगितलं, केंद्र ठाण्याला गेलं तर बरंच, तिथे कुणी बघणार नाही. हे मत मी बाजूला टाकू शकत नाही. त्यातल्या दोघी कॉलेजात शिकणाऱ्या आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यांना ठाण्याला जाणं जमेल. भिशीवालीला जमणार नाही, गोदामातल्या मुलीला जमणार नाही, भिंतीला चीर असलेलीला तर नाहीच.

तेव्हा माझं मत बदललं आहे, ते इथे नोंदवते. केंद्र टेमघरलाच राहावं. ठाण्याचं टेबलही घ्यावं, महिन्यातून दोनदा, ज्यांना तोंड लपवून यायचं आहे त्यांच्यासाठी. आणि अकराची वेळ बंद करावी. दुपारी तीन ते सात ठेवावी, रविवारी चालू, कारण गोदामवाल्या मुलींना तेवढीच सुट्टी. यासाठी कार्यकर्त्यांचा प्रवास संध्याकाळचा होईल, राजनोलीची कोंडी लागेल. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पुढच्या बैठकीत भांडू.

इचलकरंजी, मालेगाव, सोलापूरच्या मैत्रिणींनी मात्र जरूर लिहावं. तुमचीही मागांची शहरं आहेत. तिथे एकट्या बाईला खोली मिळते का, आणि खोलीबरोबर कागद मिळतो का? कुणी घरमालकांशी एकत्रित बोलणी केली असतील तर कशी केली?

इथे मी सुरुवात माझ्यापासून केली. परवा घरमालकिणीकडे पावती मागितली. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, देते, पण भाडं पाचशेने वाढेल.