बाई, फोटोतली ही मी नाहीच!

बालदोस्तांनो,

गेल्या आठवड्यात आपण भिंगाची गंमत पाहिली होती. आज त्याच भिंगाच्या मागे काय चालतं ते पाहायचंय. म्हणजे आजचा विषय आहे फोटो!

पण सुरुवात एका तक्रारीनं करते. झालं असं, की एके दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हातात फोटो. फोटो तिचाच होता आणि काढला होता मी. तरी ती म्हणाली, "बाई, फोटोतली ही मी नाहीच!"

असं का बरं म्हणाली असेल ती? सांगते, सांगते. जरा दमानं घ्या. आधी मी फोटो काढायला कशी शिकले ते ऐका.

आमच्या वर्गात भिंतीवर 'आमचा वर्ग' असा तक्ता लावायचा होता. बत्तीस मुलं, प्रत्येकाचा एक फोटो आणि खाली स्वतःच्या अक्षरात चार ओळी. मी म्हटलं, मोबाइल आहे की आपल्याकडे! डी.एड. करताना मी फळ्यावर चित्रं काढायला शिकले होते, पण फोटो काढायला काही कुणी शिकवलं नव्हतं. तरी वाटलं, बटण तर दाबायचं, त्यात काय एवढं?

पहिल्याच दिवशी फजिती! मुलांना खिडकीसमोर उभं केलं, तर खिडकी लख्ख आणि चेहरे काळे ठिक्कर. का? कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाचा अंदाज घेतो. मागे झगझगीत खिडकी असली, की त्याला वाटतं, 'बाप रे, केवढा हा उजेड!' मग तो सगळाच फोटो अंधारा करून टाकतो. उपाय अगदी सोपा निघाला. मुलांना फिरवलं, त्यांची तोंडं खिडकीकडे केली आणि खिडकीला पाठ करून मी उभी राहिले. झाले की चेहरे स्वच्छ! उजेड कुठून येतोय हे बघणं, हा फोटोचा पहिला धडा.

दुसऱ्या दिवशी फोटो धुरकट. कॅमेऱ्याच्या भिंगावर माझ्याच बोटाचे डाग होते! मऊ सुती कापडानं भिंग पुसलं. तरी काही फोटो हललेले. उजेड कमी असला, की तो गोळा करायला कॅमेऱ्याला थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हात हलला, की फोटोही हललाच. म्हणून कोपर अंगाशी घट्ट धरायचं, भिंतीला टेकायचं, क्षणभर श्वास रोखायचा आणि मग बटण दाबायचं.

तिसरी चूक 'झूम'ची. लांब उभं राहून दोन बोटांनी चित्र मोठं केलं, तर ते फुटकं फुटकं दिसायला लागलं. कारण पुष्कळदा असं करताना फोन नवीन काही पाहत नसतो. चित्राचा मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो, एवढंच. त्यापेक्षा आपले पाय आहेत ना? दोन पावलं पुढे जायचं!

आणि चौथी गोष्ट मला मुलांनीच शिकवली. एक पिटुकला म्हणाला, "बाई, तुम्ही वरून काढता ना, म्हणून मी बुटका दिसतो." मग मी सरळ जमिनीवर बसले. त्याचे डोळे आणि माझा कॅमेरा एका उंचीवर आले, आणि फोटोतला तो एकदम 'तो' दिसायला लागला.

आता फोटोच्या पोटात काय असतं ते पाहू. गणिताची चौकटीची वही डोळ्यांपुढे आणा. एकेक चौकट एकेका रंगानं भरली, की लांबून चित्र दिसतं ना? डिजिटल फोटो म्हणजे तेच. त्या चौकटीला म्हणायचं पिक्सेल. फोटोत आडव्या ४००० आणि उभ्या ३००० चौकटी असतील, तर एकूण किती? गुणा बघू! १ कोटी २० लाख. मेगा म्हणजे दहा लाख, म्हणून हा झाला १२ मेगापिक्सेलचा फोटो.

प्रत्येक चौकटीत तीन आकडे लपलेले असतात. लाल किती, हिरवा किती आणि निळा किती. साध्या फोटोत प्रत्येक आकडा ० पासून २५५ पर्यंत असतो. तिन्ही ० म्हणजे काळाकुट्ट, तिन्ही २५५ म्हणजे पांढराशुभ्र. या तीन आकड्यांतून रंग किती तयार होतात ठाऊक आहे? २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्याही वर!

म्हणजे फोटो सुधारायचा तर काय करायचं? आकडे बदलायचे. ब्राइटनेस वाढवला, की आकडे वाढतात आणि फोटो उजळतो. पण २५५ च्या पुढे आकडाच नाही. जो भाग एकदा पूर्ण पांढरा झाला, त्यात काय होतं हे नंतर कितीही बटणं दाबली तरी परत येत नाही. म्हणून काढतानाच उजेड सांभाळायचा. चेहऱ्याचा फोटो काढताना पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोन मग चेहरा स्पष्ट करतात आणि उजेडही त्याच्याप्रमाणे जुळवून घेतात.

हे सगळं सुरू कधी झालं? अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्यानं १९७५ मध्ये एक डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साधारण साडेतीन किलो! फोटो काळा-पांढरा, आडवे १०० आणि उभे १०० पिक्सेल, म्हणजे फक्त दहा हजार. तो एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे आणि बघायला टीव्ही लागायचा. आपल्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत त्याच्या १२०० पट पिक्सेल असतात. आहे की नाही गंमत?

असो. माझे बत्तीस फोटो झाले. मग मी ते सुधारायला बसले. फोटो वाकडा असेल तर सरळ केला. कडेची खुर्ची, केरसुणी कापून टाकली. या कापण्याला म्हणतात क्रॉप करणं. कापताना फुलीगोळ्याच्या चौकटी आठवा. दोन आडव्या, दोन उभ्या रेघा. त्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या आसपास डोळे किंवा महत्त्वाची वस्तू ठेवली, की चित्र पुष्कळदा छान वाटतं. काही फोटो बल्बमुळे पिवळट आले होते. तिथे मी पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. शर्ट पांढरा दिसेपर्यंत पिवळेपणा कमी केला, बाकीचे रंग आपोआप ताळ्यावर आले.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. आणि मग मला एक बटण सापडलं. चेहरा 'सुंदर' करणारं! दाबलं, की गाल गुळगुळीत, डाग गायब, रंग उजळ. मला भारीच मजा वाटली. बत्तीसच्या बत्तीस चेहऱ्यांवर मी ते फिरवलं आणि मूळ फोटोवरच सेव्ह करून मोकळी झाले. स्टुडिओतून छापून आणले, तक्ता लावला. मुलं खूश, मीही खूश. एकेक प्रत मुलांनी घरी नेली.

दुसऱ्याच दिवशी ती मुलगी माझ्यापुढे उभी!

"बाई, ही मी नाहीच. माझी खूण कुठे गेली?" तिच्या भुवईवर एक व्रण आहे. चिंचेच्या झाडावरून पडली होती तेव्हाचा. त्याची गोष्ट ती सगळ्यांना ऐटीत सांगते. "आणि मी अशी गोरी कुठे आहे? आजीनं विचारलं, ही कुणाची पोर गं?"

मग हळूच म्हणाली, "बाई, मी जशी आहे तशी तक्त्यावर चालणार नव्हते का?"

दोस्तांनो, मला काही बोलताच येईना. 'तू जरा उजळ असतीस तर बरं झालं असतं' असं मी वर्गात कुणालाही कधी म्हटलं नसतं. पण माझ्या बोटानं एका बटणावरून तेच सांगितलं होतं, आणि तेही बत्तीस जणांना.

मी मूळ फोटो शोधायला गेले, तर मूळ फोटो होतेच कुठे? मीच पुसले होते. मग वर्गात उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, "माझं चुकलं." दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकी, पुन्हा जमिनीवर बैठक, पुन्हा बत्तीस फोटो. ती आली आणि तिनं स्वतःच मान जराशी वळवली, भुवईवरची खूण नीट दिसावी म्हणून. आता तक्त्यावर तोच फोटो आहे. शेवटी मुलांनी माझाही एक काढला. त्यात कानामागचे चार पांढरे केस दिसतात आणि गालावर खडूही. "बाई, पुसायचं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "राहू दे रे!"

मग फोटो सुधारायचाच नाही का? सुधारायचा की! डोळ्यांना जसं दिसलं होतं तसं दाखवण्यासाठी उजेड, रंग, वाकडेपणा जरूर नीट करा. पण जे होतं ते पुसून किंवा नव्हतं ते आणून 'हे खरंच आहे' म्हणू नका. मोठमोठ्यांच्याही हातून हे घडलंय. फेब्रुवारी १९८२ च्या 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तमधले पिरॅमिड होते. आडवा फोटो उभ्या पानावर बसावा म्हणून ते संगणकावर एकमेकांच्या जवळ सरकवले होते. त्यावरून केवढी टीका झाली! वर्गात वाघ बसवलात तर हरकत नाही, मज्जाच आहे. फक्त 'हे गमतीचं चित्र आहे' एवढं सांगायला विसरू नका.

आता तुमच्यासाठी चार नियम:

१. फोटो काढण्याआधी समोरच्याला विचारा. 'नको' म्हणाला तर नको.
२. सुधारण्याआधी मूळ फोटोची कॉपी करा. बदल कॉपीवरच.
३. एका वेळी एकच बदल, तोही थोडासा. मग मूळ फोटोशी ताडून बघा.
४. सुधारलेला फोटो ज्याचा आहे, त्याला आधी दाखवा.

करून पाहा: एक लिंबू घ्या. खिडकीजवळ ठेवून तीन फोटो काढा. उजेड समोरून, बाजूनं आणि मागून. लिंबू गोल कुठल्या फोटोत वाटतं? फोन नसला तरी बिघडत नाही. चौकटीच्या वहीत ८ गुणिले ८ चौकटी आखा. काही चौकटी रंगवून एखादं अक्षर काढा. रंगवलेल्या चौकटीला १, रिकाम्या चौकटीला ०. आता वही न दाखवता मित्राला ओळीनं आकडे वाचून दाखवा आणि त्यानं आपल्या वहीत भरावेत. त्याच्याकडे तेच अक्षर उमटलं, तर तुम्ही डिजिटल फोटो पाठवलात!

पालकांसाठी दोन शब्द: फोटोसोबत तारीख आणि वेळ साठवलेली असते, आणि फोनमधली तशी सोय चालू असेल तर ठिकाणही. गणवेशावरचं शाळेचं नाव दिसतं ते वेगळंच. म्हणून मुलांचा फोटो चारचौघांत पाठवण्याआधी हे तपासा आणि मुलांनाही विचारा. आणि फोटोत मूल सावळं आलं म्हणून 'जरा उजळ कर गं' असं त्याच्यासमोर म्हणू नका. मुलं ऐकत असतात.

या आठवड्याचं कोडं: आडवे ३००० आणि उभे २००० पिक्सेल असलेला फोटो किती मेगापिक्सेलचा? उत्तर पुढच्या अंकात.

तोवर उजेडाकडे लक्ष ठेवा!

तुमच्या,
बाई