मूळव्याध : लेझरआधी बँडचेही सांगा



‘विना टाके, विना वेदना, त्याच दिवशी घरी’ असे सांगणारे लेझरचे फलक मारुंजी, हिंजवडी, वाकड भागात जागोजागी दिसतात. दहा-दहा तास संगणकापुढे बसणारा आयटीतला तरुण किंवा चाकणला रात्रपाळी करणारा कामगार शौचाला रक्त पडले की घाबरतो. लाजेपोटी तो घरातही बोलत नाही, फलकावरचा नंबर फिरवतो. तिथे लेझरचे पॅकेज समजते. रबर बँडचा पर्याय समजतोच असे नाही.

तो समजलाच पाहिजे.

१९६३मध्ये अमेरिकेतील डॉ. बॅरन यांनी रूढ केलेली ही पद्धत अगदी साधी. मोडाच्या मुळाशी बारीक रबरी कडे बसवतात, रक्तपुरवठा तुटतो आणि आठवडाभरात मोड गळून पडतो. त्या जागी वेदनेची जाणीव जवळपास नसल्याने भूल लागत नाही. रक्त पडणाऱ्या दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे बाहेर येऊन आपोआप आत जाणाऱ्या मोडांना हा उपचार चांगला लागू पडतो.

बँडनंतर त्रास उलटतो, हा आक्षेप खराच आहे. ब्रिटनमधील १७ रुग्णालयांतल्या ३७२ रुग्णांचा अभ्यास २०१६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. वर्षभरात बँडवाल्या शंभरांतल्या ४९ जणांचा त्रास परतला. डॉपलर या ध्वनिलहरींच्या तंत्राने मोडाची रक्तवाहिनी शोधून ती बांधलेल्यांत हे प्रमाण ३० होते. मात्र पुन्हा बँड लावणे उपचाराचाच भाग धरले, तर ४९चे साडेसदतीस होतात आणि दोन्ही पद्धतींत ठोस फरक उरत नाही. शिवाय डॉपलरची शस्त्रक्रिया महाग, सुरुवातीला अधिक दुखणारी. हा अभ्यास लेझरचा नव्हे. पण लेझरनंतरही मोड परततात आणि त्याचा दीर्घकाळचा अनुभव बँडइतका जुना नाही.

बँड सर्वांसाठी नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तो जोखमीचा. तिथे इंजेक्शनचा विचार होतो. मोठ्या, कायम बाहेर राहणाऱ्या मोडांना बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

म्हणूनच फोनवर पॅकेज ठरवणे थांबावे. आधी तपासणी व्हावी, कारण आतड्याच्या कर्करोगातही असेच रक्त पडू शकते. केसपेपरवर श्रेणी लिहावी आणि संमतीची सही घेण्यापूर्वी बँड व लेझर, दोन्हींचा खर्च रुग्णाला मराठीत लिहून द्यावा.

— एक वाचक, मारुंजी