उपाशी पोटी चिअर्स!

शुक्रवारची रात्रीची गाडी पकडून मुंबई-पुण्याची गँग रत्नागिरीत उतरते, तेव्हा मी इथली लोकल, म्हणून हक्काची होस्ट. दुपारी ताटात सुरमई, वाटीत सोलकढी आणि मुलींचा ठरलेला डायलॉग, "मला नको गं, रात्री प्यायचंय ना!" सगळ्या हसतात. मला हल्ली हसू येत नाही.

कारण त्यांच्यातली एक दोन पेगनंतर मस्त खुलते. तासाभराने रडवेली होते. पहाटे फ्रीजचा दिवा लागतो आणि मग बाथरूमचा नळ बराच वेळ चालू राहतो.

दारूने तिचा मूड जातो, असं आपण म्हणतो. तिच्या लेखी दारू मूड आणायलाच असते. सबंध दिवस स्वतःच्या पोटावर पहारा दिलेला असतो, ग्लास तो पहारा उठवतो. चढताना हलकं वाटतं. उतरताना उदासी दुप्पट, ताबा सुटलेला आणि दिवसभराची भूक आ वासून उभी. मग दिसेल ते खाणं, मग स्वतःची किळस, उलटी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक उपास. म्हणजे पुन्हा ग्लासची गरज!

2008च्या सुमारास अमेरिकेतल्या पेपरांनी याला 'ड्रंकोरेक्सिया' असं चटपटीत नाव दिलं. ते काही वैद्यकीय निदान नव्हे. बुलिमिया मात्र खराखुरा आजार आहे. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये त्याचं वर्णन केलं. यात वजन बरेचदा नॉर्मलच असतं, त्यामुळे घरात पत्ता लागत नाही. उलट थोडी उतरली की "काय बारीक झालीस!" म्हणून कौतुक.

शरीर मात्र हिशोब ठेवतं. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच पेगला रक्तातली दारू जास्त. पोट रिकामं असेल तर ती आणखी झपाट्याने चढते. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम घटतं आणि थेट हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हँगओव्हर समजून लिंबूपाणी पिण्याचं हे प्रकरण नाही.

मग दाखवायचं कुठे? आमच्या कोकणात कुणी जरा वेगळं वागलं की "रत्नागिरीला पाठवा" म्हणतात. 1886 पासूनचं मनोरुग्णालय आहे ना इथे! तिथे ओपीडीही आहे, लोक तपासून, गोळ्या घेऊन घरी जातात, हे त्या विनोदात कधी येत नाही. आणि आम्हा गावातल्या मुलींना धास्ती वेगळीच. त्या गेटातून शिरताना कुणाच्या मावशीने बघितलं तर?

दुसरी अडचण अशी, की दारूसाठी गेलं तर जेवणाबद्दल कुणी विचारेलच असं नाही आणि डाएटिशियनकडे पेगचा विषय आपणच टाळतो. तेव्हा डॉक्टर कुठलाही असो, दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगून टाका. मावशीची भीती असेल तर 14416 हा सरकारी टेली-मानसचा नंबर फिरवा. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.