कामावर आहेत, तरी बेकार

मध्य प्रदेशात जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम लागते. गोंड आदिवासींची वस्ती, कोदो-कुटकी या भरडधान्यांची शेती आणि जंगल असा हा तालुका. इथल्या कित्येक घरांत पदवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच पिढी आहे. त्यांच्या पदवीवर राणी दुर्गावती विद्यापीठाचे, म्हणजे गोंडांच्याच राणीचे नाव असते. ती पदवी घेऊन यातले बरेच जण जबलपुरात दुकानात उभे राहतात, घरोघर सामान पोचवतात, कंत्राटदाराकडे रोजाने जातात आणि रात्री स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडतात. सरकारी हिशेबात हे तरुण बेरोजगार नाहीतच. श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. ते काम त्याच्या शिक्षणाला साजेसे आहे का, हे बेरोजगारीचा तो आकडा सांगत नाही.

जे मोजले गेले तेही गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार, 2022 साली देशातील पदवीधर तरुणांत 29.1 टक्के बेरोजगार होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत हे प्रमाण 3.4 टक्के होते. निरक्षर तरुणाला रिकामे बसणे परवडतच नाही. पदवीधराला घराने पोटाला चिमटा काढून शिकवलेले असते, म्हणून तो आशेवर थांबतो.

जबलपूरला एकेकाळी अशी आशा ठेवायला जागा होती. 1904 ची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना यांनी पिढ्यान्‌पिढ्या कायम नोकऱ्या दिल्या. ऑक्टोबर 2021 मध्ये हे कारखाने सरकारी कंपन्यांच्या ताब्यात गेले आणि ती आशाही आटली. आता तरुणांची सारी भिस्त भरती परीक्षांवर आहे, आणि तिथेच त्यांचा सर्वाधिक छळ होतो. राज्यातल्या भरती आणि प्रवेश परीक्षांतला व्यापम घोटाळा अजून कोणी विसरलेले नाही. 2023 साली पटवारी भरतीचा निकाल लागला, तेव्हा पहिल्या दहांतले सात जण ग्वाल्हेरच्या एकाच केंद्रावरचे निघाले. जुलैत नियुक्त्या थांबल्या, निवृत्त न्यायमूर्तींमार्फत चौकशी झाली आणि 2024 च्या फेब्रुवारीत नियुक्तिपत्रे मिळाली. चौकशी हवीच होती. पण प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांनी ते महिने कशाच्या आधारावर काढायचे, हे कोणी सांगितले नाही. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत ओबीसी आरक्षणाच्या वादामुळे 87 टक्के जागांचे निकाल लावून 13 टक्के रोखून धरले गेले. त्या 13 टक्क्यांत अडकलेला उमेदवार पास आहे की नापास, हे त्याला वर्षानुवर्षे कळत नाही. वय मात्र वाढत राहते.

महाराष्ट्राने याकडे दुरून पाहू नये. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि खुल्या गटातील उमेदवाराकडून हजार रुपये शुल्क घेतले गेले. मध्य प्रदेशची ‘सीखो-कमाओ’ योजना पदवीधराला महिना दहा हजार रुपये देते, आपली युवा कार्य प्रशिक्षण योजनाही तेवढेच देते. प्रशिक्षणाची मुदत संपली की पुन्हा घरी. आपल्या प्रशिक्षणार्थींना कायम कामासाठी आंदोलने करावी लागली, यातच सगळे आले.

या मुलांना रात्री झोप लागत नाही, सणाला गावी जायची भीती वाटते, कारण तिथे प्रत्येक जण ‘नोकरी लागली का?’ हेच विचारतो. त्यांना मन खंबीर ठेवण्याचे सल्ले देऊन सरकारला हात झटकता येणार नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक उपयोगी आहे, गरज वाटली तर तो जरूर लावावा. पण या चिंतेचा मोठा भाग शासनाने निर्माण केलेला आहे आणि तो शासनालाच दूर करता येईल. नोकरीत असलेल्यांची गणना करताना शिक्षणाच्या मानाने हलक्या कामावर असलेले किती, तेही जाहीर करा. परीक्षा शुल्क रद्द करा. कोदो-कुटकीवरची प्रक्रिया कुंडममध्येच उभी करून तिथल्या पदवीधरांना त्यात कायम पगाराची कामे द्या. आणि पुढच्या भरतीच्या जाहिरातीत परीक्षेच्या तारखेबरोबर निकालाची व नियुक्तीची तारीखही छापा, ती पाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह.