जॉन्जूतलं बिऱ्हाड



कुणाचा मुलगा शिकायला, कुणाचा जावई संशोधनाला कोरियाला निघालेला असतो, आणि बरोबर जाणाऱ्या मुलीचं तिथं कसं निभायचं, ही काळजी घरोघर असते. मी दोन वर्षं तिथं संसार करून आले आहे, तेव्हा पाहिलं-भोगलं ते सांगते. सोल शहराचं मात्र मला विचारू नका. ते मी विमानतळावरून येता-जाताना पाहिलं तेवढंच. आमचं बिऱ्हाड होतं जॉन्जूला. दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्येला, भाताच्या मोठ्या सपाट मुलखाच्या काठावर हे सहा लाखांवर वस्तीचं गाव आहे. देशाच्या शेती संशोधनाचं मुख्य सरकारी कार्यालय २०१४ साली सुवॉनहून इथं हलवलं. त्यामुळेच यांचं काम इथं निघालं.

आम्ही पोचलो जानेवारीत. आपल्या मराठवाड्याच्या थंडीला मी आजवर थंडी म्हणत होते याची लाज वाटावी अशी ती थंडी! पण घरात पाऊल टाकलं आणि तळपायाला ऊब लागली. तिथं जमीनच तापवतात. पूर्वी चुलीचा धूर आणि धग फरशीखालच्या बोळांतून फिरवून पलीकडं काढीत. आता गॅसवर पाणी तापवून ते जमिनीखालच्या नळ्यांतून खेळवतात. या पद्धतीला ओन्दोल म्हणतात. जोडे दारातच काढायचे, जमिनीवर बसायचं, जमिनीवर अंथरूण टाकायचं. म्हटलं, हे तर आपलंच घर!

पण काटकसर अंगात भिनलेली. रात्री पांघरुणं आहेत, मग गॅस कशाला जाळायचा? म्हणून मी झोपताना यंत्र पार बंद करू लागले. आठवडाभरानं एका पहाटे नळाला थेंब नाही. नळ्यांतलं पाणी गोठलेलं. ते मोकळं करायला माणूस आला आणि त्यानं घेतलेले पैसे ऐकून मला रडू कोसळलं. हे काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हा तुमच्या मुलीला आधी एवढं सांगा, कडाक्याच्या थंडीत ते यंत्र पूर्ण बंद करायचं नसतं. बाहेर जाताना मंद ठेवायचं वेगळं बटण असतं. ते पहिल्याच दिवशी दाखवून घ्यावं.

दुसरा प्रसंग कचऱ्याचा. हसू नका! तिथं १९९५ सालापासून कचऱ्याला पिशवीप्रमाणे पैसे पडतात. पालिकेच्या ठरावीक पिशव्या दुकानातून विकत आणायच्या आणि त्यातच भरायचं. कागद, काच, प्लास्टिक वेगळं. उष्टं-खरकटं आणखी वेगळं. मी कांद्याची सालं, शेंगांची टरफलं सगळं खरकट्यात टाकलं. खालच्या मजल्यावरची म्हातारी माझ्या अंगावर ओरडली आणि पिंपात बोट दाखवून भराभरा काही बोलली. शेजारचे चारजण बघत होते. मला एक शब्द कळला नाही. पुढं कळलं, की त्या खरकट्याचं खत आणि जनावरांचं खाद्य करतात. म्हणून जे गुरापुढं टाकता येईल तेवढंच त्यात टाकायचं. हाडं, अंड्याची टरफलं, कांद्याची वाळकी सालं नाही. हे मला कुणी आधी या शब्दांत सांगितलं असतं, तर मी चुकले असते का? पण त्या दिवशी मी दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं.

तीन आठवडे मी खाली उतरले नाही. भाजी-दूध हेच आणीत. फोनवर आईला मी सांगत होते, छान आहे, सगळं छान आहे. आणि रात्री यांना म्हणाले, “अहो, मला परत पाठवा. पाडव्याला मला माझ्या घरी असू द्या.” हे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पाठवतो. पण तोवर त्यांची अक्षरं तेवढी शिक. दुकानाच्या पाट्या वाचता येईनात, तर माणूस आंधळाच.”

त्यांची लिपी म्हणजे हांगुल. सेजोंग राजानं ती १४४६ साली जाहीर केली, साध्या माणसाला लिहिता यावं म्हणून. चौदा व्यंजनं, दहा स्वर. आपण बाराखडी लिहितो तसंच व्यंजनाला स्वर जोडून एकेक अक्षर चौकोनात बसवायचं. आपल्या जिभेला क आणि ख, प आणि फ यांतला फरक जन्मजात येतो. इंग्रजी शिकलेले तिथं अडतात, आपण अडत नाही. क्रियापदही आपल्यासारखंच शेवटी येतं. चार दिवसांत मी पाट्या वाचायला लागले. अर्थ कळत नव्हता, पण बसवर लिहिलेलं गावाचं नाव तर कळत होतं! जॉन्जूत भुयारी रेल्वे नाही, सगळी मदार बसवर. हे झालं आणि मी जिना उतरले.

पहिल्यांदा गेले ती सरकारी कुटुंब केंद्रातल्या भाषेच्या वर्गाला. तिथं माझ्यासारख्या आणखी बायका होत्या. बऱ्याचजणी व्हिएतनामच्या, आसपासच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरी दिलेल्या. त्यांना सासू होती, गोठा होता, भाताची लावणी होती आणि परतीचं तिकीट नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

त्यातल्या एकीनं मला नाम्बू बाजार दाखवला. जुन्या नगराची दक्षिण वेस, फुंगनाममून, अजून उभी आहे. १७६८ साली पुन्हा बांधलेली. तिच्या बाहेर हा बाजार. पहाटे ओढ्याच्या काठानं खेड्यांतल्या बायका वाटे लावून बसतात. पालेभाज्या, लसूण, वाळवलेली मिरची. आवाज, घासाघीस, वर चिमूटभर जादा टाकणं, अगदी आपला आठवडी बाजार! याच शहरात १८९४ साली शेतकऱ्यांची फौज शिरली होती. गोबूच्या अंमलदारानं त्यांच्याचकडून बंधारा बांधून घेऊन वर पाणीपट्टी लादली, त्यावरून पेटलेला तो तोंगहाक उठाव. त्यांचा पुढारी जॉन बोंगजून १८९५ साली फासावर गेला. पाणीपट्टीची गोष्ट आपल्याला काय परकी आहे?

खाण्याचं मात्र मनाची तयारी करून जावं. मी माळकरी घरातली. मांस नको म्हटलं तरी मासा राहतोच. किमचीत खारवलेली मासळी असते, साध्या रश्शातही सुकी मासळी उकळलेली असते. जॉन्जूचा बिबिम्बाप, म्हणजे भात आणि वर भाज्या, प्रसिद्ध आहे. तिथं ‘कोगी प्पेगो’, मांस वगळून, एवढं बोलायला शिकावं आणि मासळीचं वेगळं विचारावं. बाकी घरीच शिजवावं.

पण सोयाबीन पाहून मी थक्क झाले. माझ्या वडलांनी आयुष्यभर सोयाबीन पिकवलं, पोती आडतीवर नेली, पण आमच्या ताटात त्याचा दाणा कधी आला नाही. इथं त्याच दाण्याला अंधारात, दिवसातून चार-पाच वेळा पाणी मारून बोटभर मोड आणतात आणि शिजवून भातासोबत खातात. त्याला खोंगनामुल म्हणतात. दाणे शिजवून, कुटून विटा करतात, त्या भाताच्या पेंढ्यानं बांधून हिवाळाभर टांगतात. मग मातीच्या रांजणात मिठाच्या पाण्यात मुरवतात. वरचं पाणी सोया सॉस, खालचा लगदा द्वेनजांग. मी वडलांना फोनवर हे सांगितलं, तर ते म्हणाले, “मग आपण काय विकत होतो गं इतकी वर्षं?”

शहराला लागूनच वानजू तालुका आहे. तिथं योंगजिनला शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनं २०१२ साली एक दुकान काढलं. देशातलं अशा प्रकारचं पहिलंच. शेतकरी आपला माल स्वतः निवडून, पिशवीत भरून आणतो, भाव स्वतः ठरवतो आणि आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवून फळीवर मांडतो. मी कितीदा तरी तिथं नुसती नावं वाचत उभी राहिले. भाव शेतकरी ठरवतो! आमच्या घरी हे वाक्य कुणी पुरं करू दिलं नसतं.

पाडवा आला. मी गेले नाही. तिकिटाचा विषय यांनी काढला नाही, मीही नाही.

तीच खालची म्हातारी, जिला मी आता हाल्मोनी म्हणजे आजी म्हणत होते, इमारतीमागच्या रिकाम्या तुकड्यावर भाजी करायची. एप्रिलमध्ये तिनं मला हाक मारून दोन हात जागा दाखवली. मला नावानं हाक नव्हती. तिथंही बाईला अमक्याची आई असंच म्हणतात, आपल्या खेड्यासारखं. आणि मला मूल नव्हतं, म्हणून मी ‘सहाशे दोन’, आमच्या खोलीचा आकडा. घरून बी नेता येत नाही, तुमच्या मुलीलाही मेथीची पुडी देऊ नका. विमानतळावर बियाणं आणि ताजी फळं कागदपत्रांशिवाय सोडत नाहीत. मी तिथल्याच बाजारातून धणे आणले. त्यांच्या भाषेत कोथिंबिरीला गोसू म्हणतात. फार लोकांना ती सोसत नाही. काही भागांत तिला ढेकूणगवत असंही नाव आहे. धणे रगडून पेरले, महिन्याभरात हिरवीगार झाली.

हाल्मोनीनं एक पान चुरडून हुंगलं आणि नाक मुरडून फेकून दिलं. मी घरात जाऊन तिच्याच खोंगनामुलाला फोडणी दिली, वर मूठभर कोथिंबीर घातली आणि वाटी घेऊन खाली गेले. तिनं उभ्यानंच खाल्लं. वाटी परत करताना त्यात चार लसूण गड्डे टाकले, आणि खुरपं हातात देऊन म्हणाली, उरलेल्या वाफ्यातही लाव.