पुस्तकें घेतलीं, पण वाचून कोण दाखविणार ?

गेल्या दिवाळीच्या सुमारास येथील एका पुस्तकप्रदर्शनांत आमच्या समोर घडलेला एक लहानसा प्रसंग वाचकांपुढें ठेवितों. एक सुखवस्तु व्यापारी गृहस्थ आपल्या सात वर्षांच्या कन्येस घेऊन तेथें आले होते. "सातव्या वर्षाला चालेल असा एखादा संच दाखवा," अशी त्यांनीं दुकानदारास आज्ञा केली. दुकानदारानें बारा पुस्तकांचा संच पुढें केला; गृहस्थांनीं किंमत विचारली, थोडी घासाघीस केली, पैसे मोजले व संच पिशवींत टाकला. या सर्व व्यवहारांत एकही पुस्तक उघडलें गेलें नाहीं. मुलगी मात्र शेजारच्या फळीवरील एका पातळशा पुस्तकांतील हत्तीचें चित्र पाहत उभी होती. तिला हात धरून तेथून नेण्यांत आलें. जातां जातां तिनें विचारलें, "बाबा, हीं मला कोण वाचून दाखवणार ?" बाबांनीं उत्तर दिलें, "तुला वाचतां येतं ना आतां ?"

व्यवहार या दृष्टीनें पाहिल्यास यांत कोणाचाच दोष काढतां यावयाचा नाहीं. बापानें पैसे दिले, दुकानदारानें माल दिला. परंतु ज्या पक्षकाराच्या हितासाठीं हा करार झाला, तिची फिर्याद कोणीं ऐकूनच घेतली नाहीं. ती फिर्याद आम्हीं आज चालवावयास घेतली आहे. कारण ती एका मुलीची नसून मराठी बोलणाऱ्या घराघरांतील मुलांची आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. अक्षरें शाळा शिकविते. अक्षरांची गोडी घर लावितें. आणि घरानें ती गोडी लावण्याचा सर्वांत सोपा, स्वस्त व निश्चित मार्ग म्हणजे मोठ्या माणसानें मुलास जवळ बसवून रोज थोडा वेळ मोठ्यानें पुस्तक वाचून दाखविणें हा होय. मुलाच्या शिक्षणासाठीं हजारों रुपये फी भरणारे पालक ही पंधरा मिनिटें देण्यास मात्र कां कू करतात, याचें आम्हांस नवल वाटतें.

कोणी म्हणेल, हें साहेबी खूळ आहे. असा आक्षेप घेणाऱ्यांस आपल्या घराचा इतिहास ठाऊक नाहीं. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय' (१७०२), 'पांडवप्रताप' (१७१२) व 'शिवलीलामृत' (१७१८) हे ग्रंथ दोन-अडीचशें वर्षें महाराष्ट्राच्या ओसरीओसरींत नांदले, ते मनांतल्या मनांत वाचले जाऊन नव्हे. चातुर्मासांत समईच्या उजेडांत एकानें वाचावें, दहांनीं ऐकावें, आणि आजीच्या मांडीवर डोकें ठेवून एखाद्या पोरानें अर्जुनाचा रथ कोठवर आला हें ऐकतां ऐकतां झोंपीं जावें, ही आमची वहिवाट होती. वर्तमानपत्रेंही अशींच चालत. गांवांत एक अंक येई. एक जण वाची व चावडीवरचे सगळे ऐकत. पुढें साक्षरता वाढली, प्रत्येकास स्वतःचें पुस्तक मिळालें, ही गोष्ट इष्टच झाली. परंतु तिच्याबरोबर एकानें वाचण्याची व अनेकांनीं ऐकण्याची रीत मात्र घरांतून उठून गेली.

तथापि त्या जुन्या रीतीचे गोडवे गातांना सत्यास सोडून चालणार नाहीं. त्या ओसरीवर सर्वांस सारखी जागा नव्हती. कित्येकांस तर उंबऱ्याच्या आंत येण्याचीच बंदी होती. मुलींनीं ऐकावें, पण वाचूं नये, असाही दंडक बहुतेक घरांत होता. पुण्यांत भिडे वाड्यांत १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली तेव्हां केवढा गहजब झाला, हें सर्वश्रुत आहे. शिवाय त्या श्रवणांत प्रश्नास जागा थोडी. पोथी ऐकावयाची ती पुण्यासाठीं, शंका काढावयाची नाहीं. म्हणून जुनी रीत पुन्हा सुरू करावयाची ती जशीच्या तशी नव्हे, तर दुरुस्तीसह, हें आमचें दुसरें कलम आहे.

ही दुरुस्ती कशी असावी याचा एक उत्तम दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या आपल्या अखेरच्या ग्रंथासाठीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत दिला आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे घरांत रामायण-महाभारताचें वाचन नेमानें करवीत, व त्यासाठीं मुलांस बसवीत. मुलगा मोठा होऊं लागला तसा त्यानें वडिलांस विचारलें, हे ग्रंथ तुम्ही आम्हांस कां वाचावयास लावतां ? भीष्म-द्रोण मला आवडत नाहींत, कृष्णही आवडत नाहीं. वडिलांनीं त्यास गप्प बसविलें नाहीं. आपण अस्पृश्य गणले गेलेले लोक, तुझ्या मनांत न्यूनगंड उत्पन्न होण्याचा संभव आहे. द्रोण व कर्ण हे लहान स्थितींतून केवढ्या उंचीस चढले तें पाहा, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. मुलाचें समाधान झालें नाहीं, आणि तेंही त्यानें लिहून ठेविलें आहे. वाचकहो, या प्रसंगाचें मोल त्या उत्तरांत नाहीं. तें त्या प्रश्नांत आहे. घरांत मोठ्यानें वाचन चालत होतें, म्हणून ग्रंथाविषयीं वाद करावयास मुलास जागा मिळाली. बापानें वाचन घडविलें व मुलानें हरकत घेतली. आणि त्या हरकत घेणाऱ्यानेंच पुढें या देशाच्या घटनेचा मसुदा तयार केला.

आतां पुराव्याकडे वळूं. अमेरिकेंत वाचनशिक्षणाचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या आयोगानें १९८५ सालीं असा निर्वाळा दिला कीं, मुलास पुढें नीट वाचतां यावें यासाठीं जी पूर्वतयारी लागते, तिच्या दृष्टीनें मुलांस मोठ्यानें वाचून दाखविणें हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. आणि मूल स्वतः वाचूं लागल्यावरही ती बंद करूं नये. याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. बोलण्याची भाषा व पुस्तकाची भाषा या निराळ्या आहेत. 'तथापि', 'एवढ्यांत', 'जणूं' हे शब्द मुलास जेवतांना ऐकूं येत नाहींत. ते पुस्तकांतूनच कानीं पडतात, आणि जो शब्द कानास ओळखीचा, तो डोळ्यास लवकर सांपडतो. सात वर्षांचें मूल स्वतः वाचूं शकतें त्याहून पुष्कळ अवघड गोष्ट ऐकून समजूं शकतें. "तुला वाचतां येतं ना ?" असें म्हणून जो बाप वाचन थांबवितो, तो मुलास दोन पायऱ्या खालीं उतरवितो. आणि आपल्याकडील स्थिति तर चिंताजनक आहे. 'असर' या पाहणींत सन २०२२ मध्यें ग्रामीण भारतांतील पांचवीच्या शंभर मुलांपैकीं सुमारें ४३ मुलांसच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचतां आला. याचा सगळा भार शिक्षकांच्या माथीं मारून घरानें हात झटकणें न्यायाचें नाहीं.

मग पुस्तक निवडावें कसें ? मराठींत मुलांसाठीं छापील पुस्तकांची वाट तशी जुनी आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा 'बाळमित्र' १८२८ सालचा. परंतु त्या आरंभापासून एक खोड आमच्या बालवाङ्मयास जडली, ती अजून पुरती सुटलेली नाहीं. ती म्हणजे गोष्टीच्या शेवटीं तात्पर्याचें शेपूट. ज्या गोष्टीचें तात्पर्य वेगळें छापावें लागतें, ती गोष्ट आपलें काम करण्यास असमर्थ ठरली असें समजावें. सबब आमची पहिली कसोटी ही : दुकानांत उभें राहून पहिलें पान हलक्या आवाजांत वाचून पाहा. वाक्य जिभेवर अडखळत असेल, भाषांतराचा वास येत असेल, किंवा वाचतांना तुमचें तुम्हांसच कंटाळवाणें वाटत असेल, तर पुस्तक खालीं ठेवा. जें वाचणाऱ्यास आवडत नाहीं तें ऐकणाऱ्यास आवडेल ही आशा व्यर्थ होय. दुसरी कसोटी : मुलास निवडूं द्या. व्यापारी वर्गास हें सांगणें नलगे कीं, गिऱ्हाइकानें हातांत घेतलेला माल सोडवून दुसरा गळ्यांत बांधल्यास तें गिऱ्हाईक पुन्हा येत नाहीं. तिसरी कसोटी : पुस्तकांत माणसें कोणतीं आहेत तें पाहा. ज्या पुस्तकांत सगळे पराक्रम मुलगे करितात व मुली पाणी आणून देतात, किंवा एकाच आळीचीं घरें दिसतात, तेवढींच पुस्तकें घरांत असणें बरें नव्हे.

या कसोट्यांस उतरणारीं पुस्तकें मराठींत नाहींत, ही तक्रार अज्ञानमूलक आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई', जी १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली गेली, ती रचनेनेंच ऐकावयाची आहे. तिच्यांत प्रकरणें नाहींत, रात्री आहेत. एका रात्रीं एक रात्र वाचावी. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' व 'चिंगी', भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' यांस मोठ्या मुलांचे कान लागलेच पाहिजेत. विंदा करंदीकरांच्या बालकविता तर मोठ्यानें म्हटल्यावांचून अर्ध्याच वाचल्यासारख्या होतात. अगदीं लहानांस माधुरी पुरंदरे यांचीं पुस्तकें द्यावीं. तीं आजच्या घरांतलीं आहेत, आणि त्यांतील चित्रें मजकुराइतकींच बोलतात. त्यांनींच संपादिलेल्या 'वाचू आनंदे' या मालेंत निवडक मराठी लेखनाचे वेंचे हातीं येतात. बालभारतीचें 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे. कोणतेंही एक पुस्तक सर्व मुलांस आवडेल असें मात्र नाहीं. 'श्यामची आई' ऐकून एखादें मूल रडेल, तर दुसरें कंटाळून उठेल. उठणाऱ्यास अपराधी ठरवूं नये.

वाचावें कसें, याविषयीं आमचा स्वतःचा एक गुन्हा कबूल करितों. आम्हीं घरीं वाचन सुरू केलें तेव्हां कोर्टांतली संवय सोबत आणली. प्रत्येक पान संपलें कीं, "सांग बरें, कोल्हा तेथें कां गेला ? 'धूर्त' म्हणजे काय ?" अशी उलटतपासणी चाले. आठवड्याभरानें साक्षीदार फरारी झाला. पुस्तक काढलें कीं आमचे चिरंजीव न्हाणीघरांत जाऊन बसत. त्याच्या आईनें आम्हांस बजावलें कीं, गोष्ट वाचावयाची असेल तर वाचा, परीक्षा घ्यावयाची असेल तर शाळा काढा. तेव्हांपासून आम्हीं प्रश्न विचारणें सोडलें. काय चमत्कार सांगावा, प्रश्न विचारावयाचें काम त्यानें आपणहून पत्करलें ! तात्पर्य (आमचेंही शेपूट वाचकांनीं क्षमा करावें) असें कीं, वेळ ठरलेली असावी, घाई नसावी, तेंच पुस्तक दहाव्यांदा मागितलें तरी नाकारूं नये, आणि गोष्ट ऐन रंगांत आली असतां उद्यांवर ठेवण्यास चुकूं नये. आवाज काढण्याची लाज वाटूं देऊं नये. घरांत टीकाकार बसलेले नाहींत.

आतां प्रतिपक्षाचे तीन आक्षेप. पहिला : वेळ नाहीं. दुकान रात्रीं नवाला बंद होतें हें खरें. पण त्यानंतर मोबाइलवर जाणारा पाऊण तास कोणत्या खात्यावर मांडावयाचा? हें काम आईवर ढकलूनही सुटका नाहीं. बाप वाचतो हें मुलानें, आणि विशेषतः मुलग्यानें, पाहिलें पाहिजे. दुसरा : पुस्तकें महाग. त्यास उत्तर असें कीं, 'प्रथम बुक्स' या संस्थेनें २०१५ सालीं सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट मिळतात. त्याच मोबाइलचा हा सदुपयोग होय. आणि ज्या घरांत मोठ्यांस वाचतां येत नाहीं, तेथें चौथीच्या मुलीनें धाकट्या भावास वाचून दाखवावें व आजीनें आपली गोष्ट सांगावी. ती गोष्ट अहिराणींत वा मालवणींत असली तर सोन्याहून पिवळें. तिसरा आक्षेप : मूल इंग्रजी शाळेंत आहे, मराठी ऐकून काय उपयोग ? इंग्रजीशीं आमचें वैर नाहीं. आम्हीं कायदा तिच्यांतच शिकलों. परंतु गोष्टींत रमण्याची शक्ति मुलास ज्या भाषेंत प्रथम येते, ती शक्ति दुसऱ्या भाषेंतही त्याच्या कामीं पडते. पाया न घालतां मजला चढविण्याचा हट्ट कोणताही गवंडी करीत नाहीं.

राहिला सार्वजनिक कर्तव्याचा प्रश्न. महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. ज्या ग्रंथालयांत मुलांचीं पुस्तकें कुलुपांत राहतात व मूल दारांत आलें कीं 'गडबड करूं नको' एवढेंच ऐकतें, त्यांच्या चालकांस आमची विनंति आहे कीं, आठवड्यांतून एक तास मुलांस वाचून दाखविण्यासाठीं राखून ठेवावा. निवृत्त शिक्षक, वकील, व्यापारी यांनीं पाळीपाळीनें तो चालवावा. आमचें नांव पहिल्या शनिवारास लिहून घ्यावें. व्यापारी मंडळींनीं दिवाळीस मिठाईच्या खोक्याबरोबर आपल्या नोकरांच्या मुलांस एकेक पुस्तक द्यावें. ३ ऑक्टोबर १९२४ रोजीं नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां आम्हीं सर्वांनीं पेढे वांटले. तो दर्जा दिल्लीच्या कागदावर आहे. भाषा जगते ती मात्र रात्रीं साडेनऊ वाजतां, एका गादीवर, एका पुस्तकावर वांकलेल्या दोन डोक्यांच्या मध्यें.

त्या प्रदर्शनांतील मुलीच्या प्रश्नास उत्तर देणें आहे. तिच्या पिशवींतील बारा पुस्तकें अद्याप कोरीं असतील तर तिच्या तीर्थरूपांनीं आज दुकान बंद केल्यावर त्यांतील एक उघडावें. आणि शक्य झाल्यास हत्तीचें तें पातळ पुस्तकही आणून द्यावें. पहिलें तेंच वाचावें लागेल.